न दुखणारी गाठ

स्तनातल्या गाठीबद्दल आता आपण गटाच्या बैठकीत बोलतो. मांडीत, दंडात, पाठीत आलेल्या गाठीबद्दल मात्र "दुखत नाही ना, मग राहू दे की," असं म्हणून मोकळ्या होतो. फसगत होते ती इथंच.

स्नायू, चरबी, नसा अशा शरीराच्या मऊ भागांतल्या कॅन्सरला डॉक्टर 'सार्कोमा' म्हणतात. त्याची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. ती वाढून नसेवर दाबू लागली की मग कळ येते, मुंग्या येतात. मांडीत हा आजार जास्त दिसतो. पोटात झाला तर घेर वाढतो, चार घास खाल्ले तरी पोट भरतं, आणि आपण म्हणतो गॅस झालाय.

लगेच घाबरू नका. अंगावरच्या बहुतेक गाठी साध्या चरबीच्या असतात. मऊ, बोटानं हलणाऱ्या, वर्षानुवर्षं तेवढ्याच. पण गाठ वाढत असेल, 5 सेंटिमीटरपेक्षा (म्हणजे 2 इंचांपेक्षा) मोठी असेल, खोल असेल किंवा काढलेल्या जागी परत आली असेल, तर दवाखाना गाठायचा. गटात शिलाई करणारी कुणीतरी असतेच, तिच्या टेपनं माप घेऊन तारखेसह वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. माप घेत महिने मात्र घालवू नका.

"तिथं मार लागला होता," असंही बायका सांगतात. माराची सूज काही दिवसांनी ओसरते, ही ओसरत नाही. बहुतेकदा मार लागला म्हणून तिकडे हात जातो आणि आधीचीच गाठ हाताला लागते. ती चोळून घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशी गाठ तपासल्याशिवाय कापून काढायची नाही. आधी सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय, मग जाड सुईनं छोटा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. उलट न तपासता कापलं तर आजार आत शिल्लक राहू शकतो आणि दुसरं, मोठं ऑपरेशन करावं लागतं. "छोटंसं ऑपरेशन, संध्याकाळी घरी," असं कुणी म्हणालं, तर सरळ विचारा, "डॉक्टर, आधी बायोप्सी करायची का?"

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कॅन्सरचे उपचार बसतात. गटातून कर्ज उचलण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.