थोडक्या खर्चांत थंड घर

वैशाख आला कीं जठारपेठेंतील घरोघरीं एकच तक्रार ऐकूं येते: पंख्याचा वारा गरम लागतो आणि विजेचें बिल मात्र वाढतच जातें. मे २०२४ मध्यें अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हां उन्हापासून लोकांचा बचाव व्हावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांस १४४ कलम लागू करावें लागलें. अशा उन्हांत घर थंड राखणें ही चैन नसून वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्यांस महाग यंत्रें परवडत नाहींत त्यांनीं काय करावें, हें पाहूं.

पहिला नियम हा कीं, उष्णता घरांत शिरल्यावर तिला घालविण्यापेक्षां तिला शिरूंच न देणें स्वस्त पडतें. वऱ्हाडांतील जुन्या धाब्याच्या घरांना हें साधलें होतें. जाड मातीच्या भिंती व छपरावरील मातीचा थर यांमुळें दिवसाची उष्णता आंत पोंचण्यास फार वेळ लागे. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो व रात्रीं ती उष्णता खालच्या खोलींत सोडतो. म्हणून चैत्रांतच गच्ची स्वच्छ झाडून तिजवर चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरा रंग ऊन परतवितो. चुना लावतांना डोळे जपावे. पश्चिमेच्या खिडकीस आंतून पडदा लावण्यापेक्षां बाहेरून बांबूचा तट्टा बांधावा. कारण ऊन एकदां कांचेंतून आंत आलें कीं त्याची बरीचशी उष्णता आंतच राहते. खिडक्या दिवसा मिटाव्या, रात्रीं उघडाव्या. यास तर पैसाहि लागत नाहीं.

दुसरा उपाय पाण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. वाळ्याची ताटी व कूलर याच तत्त्वावर चालतात. परंतु ओली हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी उघडी हवी. नाहींतर खोली दमट होऊन जीव अधिकच घाबरा होतो. पावसाळ्यांत कूलर निरुपयोगी ठरतो तो याच कारणानें.

तिसरी गोष्ट हिशेबाची. एक हजार वॅट एक तास वापरले म्हणजे एक युनिट होतें. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास फिरल्यास महिन्यास सुमारें ३४ युनिट खातो. ३० वॅटचा नवा बी. एल. डी. सी. पंखा साडेतेरा. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचें काम ९ वॅटचा एल. ई. डी. दिवा करितो. तेव्हां सर्वच वस्तु एकदम न बदलतां, आधीं स्वस्त दिवे बदलावे, मग जो पंखा सर्वांत अधिक तास फिरतो तो बदलावा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत मीटरवरील आंकडा रोज सायंकाळीं वहींत टिपून ठेवा. आठ दिवसांनीं यांतील एक उपाय करा व पुन्हां आठ दिवस टिपा. आंकडे स्वतःच बोलतील. वांचलेलें प्रत्येक युनिट म्हणजे आपल्याच जिल्ह्यांतील पारसच्या वीजकेंद्रांत न जळलेला कोळसा आणि आईच्या डब्यांत शिल्लक राहिलेला पैसा होय.