आधी साखर बघू, लग्नाचं नंतर

अगं, सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवलास आणि त्याखाली नुसते रडके चेहरे! काकूनं लगेच लग्नाचा विषय काढला असणार. ‘लग्न झालं की पाळी आपोआप सुरळीत होते’ हे आपल्याकडचं हुकमी औषध. नाही होत गं.

मुळात रिपोर्टात दिसतात त्या गाठी नव्हेत. अंडं वाढवणाऱ्या बारीक पिशव्या अर्ध्यावर थांबल्या आहेत, एवढंच. आणि नुसत्या सोनोग्राफीवरून कुणालाही पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) आहे असं ठरवत नाहीत. लांबणारी पाळी, पुरुषी हार्मोनची वाढ किंवा तिची लक्षणं, आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी दोन जुळावी लागतात. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून बाजूला काढायचं.

‘मी एवढी बारीक, मला कसं?’ म्हणतेस. परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे ना, तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या होत्या. २०१४ साली तो अभ्यास छापून आला. या तीनपैकी दोनच्या निकषानं २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस निघाला. पुरुषी हार्मोनची वाढ सक्तीची धरली तर १०.७ टक्के. आणि त्यातल्या बहुतेकजणी लठ्ठ नव्हत्याच!

दिवाळीत आजी तुझी मान उटण्यानं खसाखसा घासत होती, आठवतं? तो मळ नव्हे, राणी. मानेवर, काखेत अशी काळपट, मखमली कातडी दिसली की इन्शुलिन वाढल्याची शंका घ्यावी. तेच वाढलेलं इन्शुलिन बीजांडकोषाला जास्त पुरुषी हार्मोन करायला लावतं, मग हनुवटीवर केस आणि पाळीचा खोळंबा. घरात सगळ्यांना चिंता बाळाची, साखरेचं कुणी विचारत नाही. मला राग येतो तो याचाच.

बाळाचं म्हणशील तर त्यावर चांगली औषधं आहेत. लेट्रोझोलवर आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. आज अंडं फुटावं म्हणून तीच गोळी आधी देतात. पण तो प्रश्न तुझा आजचा नाही. तीन-तीन महिने पाळी येत नाही, हा आजचा. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं बरं नव्हे. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर घे, पाकीट ओढणीखाली लपवू नकोस. गोळ्यांनी पाळी येते, मूळ दुखणं जात नाही, एवढं मात्र ध्यानात ठेव.

महापेची रात्रपाळी सुटणार नाही, ठाऊक आहे. पण संध्याकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला फेऱ्या मारता येतील. उपास मात्र करू नकोस.

शनिवारी सकाळी उपाशीपोटी नेरुळला उतर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त देऊ, नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेत बऱ्याचदा काही कळत नाही. कोलेस्टेरॉल आणि बीपीही उरकून टाकू. मधल्या वेळात काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. काकूला मी फोन करते.