नाबोथाचा मळा आणि आपला सातबारा

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९



अहाब राजाने नाबोथाला मळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. पुढे खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेण्यात आला.

आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरी भागातही वतन सोडावे लागलेली कुटुंबे आहेत. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले आणि खोऱ्यातील गावे शिवसागर जलाशयात बुडाली. वारणा धरण व चांदोली अभयारण्यासाठीही गावे उठली. कोणी सोलापूर, कोणी रायगड जिल्ह्यात गेले. पर्यायी जमिनीसाठी कोयना धरणग्रस्तांना २०१८ सालीही कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला.

अहाबाला मळा हवा होता तो स्वतःच्या भाजीपाल्यासाठी. धरण बांधले सर्वांसाठी. हा फरक मोठा आहे. म्हणूनच आपली जबाबदारीही मोठी. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. त्या विजेवर आपण दिवे लावतो. ज्यांची घरे बुडाली त्यांचे देणे आपल्यावर आहे. ती दया नव्हे, न्याय आहे.

परमेश्वर म्हणतो की जमीन त्याची आहे, आपण तिच्यावर पाहुणे आहोत (लेवीय २५:२३).

या आठवड्यात विचार करू या :
१. अडलेल्याची जमीन आपण पडत्या भावात घेतो का?
२. घरच्या उताऱ्यावर बहिणींची, विधवेची वारसनोंद झाली आहे का?
३. शेजारच्या निरक्षर वृद्धाबरोबर आपण तलाठ्याकडे जाऊ का?