घटस्फोट झाला, नक्कल कुठे आहे?

मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टाने फेब्रुवारी 1980 मध्ये एका भारतीय नवऱ्याला घटस्फोट मंजूर केला. लग्न तिरुपतीला लागलेले, बायको भारतातच. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्याने दुसरे लग्न केले आणि पहिल्या पत्नीने द्विभार्येची फिर्याद लावली. दंडाधिकाऱ्यांनी अमेरिकी निकालाची फोटोप्रत पाहून त्याला आरोपमुक्त केले. उच्च न्यायालय म्हणाले, फोटोप्रत हा पुरावा होत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी' या नावाने ओळखला जाणारा तो निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी जुलै 1991 मध्ये दिला. परदेशातला घटस्फोट भारतात कधी मानायचा, हे ठरवताना वकील आजही तोच निकाल आधी उघडतात.

त्यातला कागदपत्रांविषयीचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. न्यायालयाने म्हटले की प्रत फोटोप्रत आहे एवढ्यानेच ती बाद ठरत नाही. तिच्यावर सर्किट क्लार्कच्या वतीने डेप्युटी क्लार्कने ती प्रमाणित केल्याची नोंद होतीच. ती अडली पुढच्या पायरीवर. पुरावा कायद्याला हवा असलेला, अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचा दाखला तिला जोडलेला नव्हता.

माझ्या मावसबहिणीला हे सगळे कळले ते पुण्यात दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायला गेल्यावर. तिचा घटस्फोट कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत झालेला. दोघांच्या संमतीने, भांडण न होता. निकालानंतर वकिलाने ईमेलने पाठवलेली प्रत तिने जपून ठेवली होती. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यायची, तर आधीचे लग्न संपल्याचा कागद लागतो. खिडकीतल्या बाईंनी छापील पाने उलटून पाहिली आणि सौम्यपणे सांगितले, "ताई, ही झेरॉक्स झाली. कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल आणा."

इथून तिची वणवण सुरू झाली. इंटरनेटवर शोधताच सर्वांत वर आले एक खासगी संकेतस्थळ: अमेरिकेतली कुठलीही घटस्फोटाची नोंद मिळवून देऊ, असे सांगणारे. तिने पैसे भरले. हाती आला एक पानी तक्ता: दोघांची नावे, काउंटी, वर्ष. तिला आधीच ठाऊक असलेली माहिती तिलाच विकली गेली होती, आणि त्यावर कोर्टाचा शिक्का असण्याचा प्रश्नच नव्हता. अशी संकेतस्थळे सार्वजनिक सूचीतल्या नोंदी गोळा करतात. निकालाची प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार ज्या कोर्टाने घटस्फोट दिला त्याच्या क्लार्कचा. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून असे पैसे काढणे मला तरी लुबाडणूक वाटते.

मग कुणीतरी राज्याच्या आरोग्य खात्याकडे जायला सांगितले. जन्म-मृत्यूचे दाखले तिथे मिळतात, तर घटस्फोटाचाही मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. पण कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे घटस्फोटाच्या नोंदी आहेत त्या फक्त 1962 पासून जून 1984 पर्यंतच्या, आणि त्यांच्याकडून मिळतो तो नावे, काउंटी आणि खटला क्रमांक सांगणारा दाखला. निकाल त्यात नसतो. टेक्सासचे आरोग्य खाते 1968 नंतरच्या घटस्फोटांसाठी पडताळणीचे पत्र देते; तेही निकालाची जागा घेत नाही, मूळ कागद जिल्हा क्लार्ककडेच राहतो. अशा पत्रांचा उपयोग एकच: काउंटी किंवा क्रमांक विसरला असेल तर तो सापडतो.

म्हणून पहिला प्रश्न काउंटीचा. लग्न कुठे झाले किंवा आज कुठे राहता याने काही ठरत नाही. अर्ज जिथे दाखल झाला ती काउंटी धरायची. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे सुपीरियर कोर्ट आपले दप्तर स्वतः सांभाळते. सेंट लुईसमध्ये तर शहर आणि काउंटी 1876 पासून वेगळी आहेत, कोर्टेही दोन. नुसते 'सेंट लुईस' एवढेच आठवत असेल तर चुकीच्या कचेरीत पत्र जाण्याची शक्यता मोठी.

दुसरा प्रश्न नावाचा, आणि इथे मराठी माणसाने विशेष सावध राहावे. कोर्टाची सूची अर्जदार आणि प्रतिवादी यांच्या नावांवर चालते. आपल्याकडे बाईचे मधले नाव लग्नानंतर नवऱ्याचे होते, आडनाव बदलते, आणि रोमन लिपीत एकच आडनाव पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरे असते. अर्ज दाखल करताना जे स्पेलिंग लिहिले असेल, त्याच स्पेलिंगने नोंद मिळते. माझ्या बहिणीच्या नावाने शोधल्यावर काहीच सापडले नाही. नवऱ्याच्या नावाने शोधताच क्रमांक पुढे आला. दोन्ही नावांनी, स्पेलिंग बदलून बघावे. सूचीत खटला दिसला तरी आतली पाने ऑनलाइन दिसतीलच असे नाही: कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार कौटुंबिक खटल्यांतले कागद सर्वसामान्य लोकांना कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावरच पाहता येतात. न्यूयॉर्कचा नियम आणखी कडक. तिथे घटस्फोट सुप्रीम कोर्ट नावाच्या कोर्टात होतो, कागद काउंटी क्लार्ककडे असतात आणि ते पती, पत्नी व त्यांच्या वकिलांखेरीज इतरांना सहसा पाहता येत नाहीत. भावाला किंवा मैत्रिणीला तिथे पाठवायचे तर आधी क्लार्ककडे विचारणा करावी.

क्रमांक मिळाला की पत्र सोपे आहे. दोघांची पूर्ण नावे, खटला क्रमांक, निकालाची साधारण तारीख, कोणता कागद हवा तो, आणि 'प्रमाणित प्रत' हे शब्द ठळकपणे. सोबत कोर्टाच्या नावे डॉलरमधला चेक आणि परतीचे पाकीट. भारतातून हे जमवणे कठीण, म्हणून तिथल्या एखाद्या विश्वासू माणसाने पत्र टाकलेले बरे. कॅलिफोर्नियात विवाहविच्छेदाच्या नोंदीच्या प्रमाणित प्रतीचे शुल्क 15 डॉलर आहे. त्या संकेतस्थळाने उकळलेल्या रकमेपेक्षा ते कितीतरी कमी होते.

कोणता कागद मागायचा, यावर थोडे थांबले पाहिजे. कॅलिफोर्नियात निकालाच्या नमुन्याचा क्रमांक एफएल-180. निकाल कोर्टात दाखल झाल्याची तारीख आणि वैवाहिक नाते संपल्याची तारीख त्यात वेगवेगळ्या असू शकतात, कारण प्रतिवादीला नोटीस मिळाल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय तिथे लग्न संपत नाही. पुन्हा लग्न करणाऱ्याने दुसरी तारीख पाहावी. पूर्वीचे नाव परत मिळाल्याचा उल्लेखही याच नमुन्यात असतो आणि पासपोर्टवरचे नाव बदलताना तो कामी येतो.

पण एवढ्याने भागत नाही, आणि इथे सावंतांचा निकाल पुन्हा लागतो. कॅलिफोर्नियाने 1970 पासून कुणाचाही दोष न दाखवता, न मिटणाऱ्या मतभेदांवर घटस्फोट देणे सुरू केले. हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की असा परदेशी निकाल एरवी मानता येणार नाही. मात्र ज्याच्याविरुद्ध तो दिला गेला त्याची संमती असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे संमती कागदावर दिसायला हवी. माझ्या बहिणीने निकालासोबत दोघांच्या सह्या असलेला तडजोडीचा करार आणि नवऱ्याने कोर्टात दाखल केलेले उत्तर, यांच्याही प्रमाणित प्रती मागवल्या. पुण्यातल्या तिच्या वकिलाने सर्वांत आधी तोच करार वाचायला घेतला.

राहिली अपोस्टिलची मोहोर, एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा यासाठीची. अपोस्टिल करार भारताला 14 जुलै 2005 पासून लागू आहे, अमेरिकेला त्याच्याही आधीपासून. क्लार्कची सही असलेली प्रत सहसा त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जाते आणि तिथे अपोस्टिल जोडले जाते. राज्य चुकवू नये: कॅलिफोर्नियाच्या कोर्टाच्या कागदाला न्यूजर्सीचे अपोस्टिल मिळत नाही. शिवाय ही मोहोर सही खरी असल्याचे सांगते, आतल्या मजकुराविषयी काहीच सांगत नाही. प्रकरण भारतातल्या कोर्टात जाणार असेल तर भारतीय वकिलातीचा दाखलाही जोडायचा का, हे कागद तिकडे असतानाच वकिलाला विचारून घ्यावे. इकडे आलेला कागद परत पाठवण्यात महिने जातात.

परदेशात घटस्फोट झालेल्या आणि घरी फक्त ईमेलची प्रत असलेल्या प्रत्येकाला विनंती: लग्न, पासपोर्ट किंवा वारसाहक्काचे काम निघण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच खटला क्रमांक शोधा, निकालाच्या दोन प्रमाणित प्रती मागवा, त्यांतल्या एकीवर अपोस्टिल घ्या आणि दुसरी तशीच ठेवा.