हप्त्याचे कर्ज आणि भाड्याची खोली

वाचकहो, कर्ज झाले म्हणजे माणूस संपला असे नाही. पण कर्ज फेडायचे तर डोक्यावर छप्परही हवे. दोन्ही कसे सांभाळावे, ते या पाठात पाहू.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याने बँकेचे कर्ज काढून दोन म्हशी घेतल्या. एक म्हैस दगावली. हप्ते थकले. बँकेची नोटीस आली. पुढे तालुक्याच्या लोकअदालतीत तडजोड झाली. १,२०,००० रुपये फेडायचे. दरमहा ५,००० रुपये, २४ महिने. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

मग तो बायको व दोन मुले घेऊन पुण्याकडे कारखान्यात कामाला जायला निघाला. पगार १७,००० रुपये. एके रविवारी तो आमच्याकडे आला.

“गुरुजी, खोली पाहिली. भाडे ६,५००. अनामत ४०,०००. अनामतीला एक सावकार पैसे देतो म्हणतो. व्याज दरमहा शेकडा पाच.”

आम्ही म्हटले, “अरे, आधी हिशेब मांड.”

पगार १७,०००. बँकेचा हप्ता ५,०००. भाडे ६,५००. सावकाराचे नुसते व्याज २,०००. उरले ३,५००. आणि मुद्दल तसेच उभे!

“चौघांनी महिनाभर खायचे काय?” आम्ही विचारले. तो गप्प बसला. त्याची बायको म्हणाली, “लांब राहू, सायकलनं जातील. पण सावकार नको.” बाई शहाणी. शिवाय तो सावकार बिनपरवान्याचा होता. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने अशी सावकारी हा गुन्हा आहे.

पुढे त्यांनी शहराबाहेर खोली शोधली. भाडे ३,५००, अनामत १०,०००. घरमालकाने विचारले, “डोक्यावर कर्ज आहे का?” याने खरे ते सांगितले. मालक घाबरला. “उद्या जप्ती माझ्या घरावर आली तर?”

तेव्हा याने तडजोडीचा कागद आणि भरलेल्या चार हप्त्यांच्या पावत्या पुढे ठेवल्या. भाडेकरूच्या कर्जापायी मालकाचे घर जप्त होत नाही, हे समजावले. पावत्या पाहून मालक म्हणाला, “जो बँकेचे वेळेवर देतो, तो माझेही देईल.” खोली मिळाली. आता हप्ता व भाडे जाऊन ८,५०० रुपये उरतात. ओढाताण होते, पण चूल पेटते.

यातून काय शिकावे?

एक. आधी हप्ता, मग भाडे वजा करा. उरलेल्यात पोट भरेल अशीच खोली घ्या.

दोन. आपण होऊन कर्जाचा पाढा वाचू नका. पण विचारले तर खोटे बोलू नका.

तीन. करार लेखी करा व नोंदवून घ्या. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. अनामत किती, ती परत केव्हा, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते!

चार. भाडे दिले की पावती मागा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

पाच. पत्ता बदलला की बँकेला लेखी कळवा. नाहीतर नोटीस जुन्या घरी जाईल आणि तुम्हाला पत्ताच लागणार नाही.

सहा. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. हप्ता चुकला तर बँक वसुलीची दरखास्त लावू शकते. अडचण दिसली की तारखेआधीच बँकेत जा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सल्ला हवा असल्यास तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे वकील मोफत मिळतो.

कर्ज लपवल्याने वाढते. हिशेब मांडल्याने फिटते.

शब्दार्थ
अनामत – खोली सोडताना परत मिळायची ठेव
दरखास्त – हुकमाप्रमाणे वसुली व्हावी म्हणून कोर्टात केलेला अर्ज
पोच – कागद मिळाल्याची सही किंवा शिक्का

सांगा पाहू
१. पहिली खोली घेतली असती, तर २४ महिन्यांत सावकाराला नुसते व्याज किती गेले असते?
२. मालकाची भीती कशाने गेली?
३. तुमच्या घरचा महिन्याचा हिशेब वहीत लिहा.