प्रवाळाच्या टाकीचा जमाखर्च

प्रवाळ पाळणाऱ्या गृहस्थाच्या घरी गेल्यास टाकीखालचे कपाट अवश्य उघडून पाहावे, असे मी हल्ली सांगू लागलो आहे. कारण वर काय नांदते हे पाहुण्याला दिव्याच्या निळसर उजेडात आपोआप दिसते, परंतु त्या नांदत्या संसाराचे पुढे काय होणार याचा अंदाज खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या बाटल्यांवरून अधिक खात्रीने बांधता येतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, पोटॅशियम, लोह, शिवाय ‘रंग खुलविणारे’ आणि ‘वाढीस चालना देणारे’ अशा गूढ बिरुदांची काही द्रव्ये, आणि प्रत्येकीवर शंभर लिटरला आठवड्यास अमुक टोपणे असा निःसंदिग्ध हुकूम! हा हुकूम देणाऱ्याने आपली टाकी कधी पाहिलेली नसते, तीत किती प्रवाळ आहेत व ते किती वाढतात हे त्यास ठाऊक असण्याचा संभवही नसतो. तरीही छापील अक्षराविषयी आपल्या मनात जो पिढीजात आदर वसत असतो, त्याच्या बळावर आपण टोपण भरतो आणि ओततो.

मी म्युनिक येथे नोकरीनिमित्त आलो व येथेच स्थायिक झालो. या नगरीचे नळाचे पाणी इतके दुष्फेन आहे की चहाच्या किटलीच्या तळाशी पांढऱ्या चुन्याचा थर धरावयास फार दिवस लागत नाहीत. त्यामुळे टाकीसाठी पाणी प्रथम पडद्याच्या गाळणीतून काढून पूर्णपणे निःक्षार करावे व मग त्यात विकतचे समुद्री मीठ मोजून मिसळावे, हा येथील प्रवाळपालकांचा पहिला पाठ होय. दुसरा पाठ मात्र इतक्या सहजासहजी कोणी शिकवीत नाही. तो हिशेबाचा आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे 420 मिलिग्रॅम व मॅग्नेशियम सुमारे 1300 मिलिग्रॅम असते, आणि त्या पाण्याची क्षारता जर्मन मापाने 7 अंशांच्या आसपास भरते. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा रचतो, म्हणजे तो कॅल्शियम आणि क्षारता या दोन्ही खात्यांतून एकदमच उचल करतो. परंतु क्षारता एक अंशाने उतरते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅमने कमी होते. या प्रमाणाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. तीन अंशांचा खर्च झाला तर क्षारतेची जवळजवळ निम्मी शिल्लक संपलेली असते, उलट कॅल्शियमच्या खात्यातून त्याच वेळी सुमारे विसावा हिस्साच गेलेला असतो, आणि बाजारातील साध्या चाचणीला एवढा फरक कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून जो पालक नित्य कॅल्शियमच मोजत बसतो आणि क्षारतेकडे सवडीने पाहतो, त्याला आपले दिवाळे वाजत असल्याची वर्दी सर्वांच्या शेवटी मिळते. क्षारता ही रोजकीर्द आहे. कॅल्शियम आठवड्याने पाहिले तरी चालते, आणि मॅग्नेशियम महिन्याने.

आता जी कैफियत मला मांडावयाची आहे ती या रोजकीर्दीचीच आहे. माझी टाकी नावाला तीनशे लिटरची, परंतु खडक आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा जाता तीत प्रत्यक्ष पाणी अडीचशे लिटरच्या आसपास राहते. क्षारता मोजण्यासाठी मी एका दुकानातून चाचणीची पेटी आणली होती. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब थेंब द्रव टाकीत जावे, निळा रंग जाऊन पिवळा येईपर्यंत जितके थेंब लागले तितके अंश, अशी ती साधी रीत. त्या पेटीने सहा अंश दाखविले. मिठाच्या पोत्यावरील दाखल्याशी हे जुळत नव्हते. पण चाचणी ती चाचणी, असे म्हणून त्याच दुकानदाराने दिलेल्या कोष्टकाबरहुकूम मी क्षारता दोन अंशांनी वर आणली, तीही हळूहळू, दिवसागणिक थोडी थोडी, कारण एका दिवसात एक अंशाहून अधिक फेरफार करू नये हे मला माहीत होते. कागदावर सर्व काही सशास्त्र झाले होते.

त्यानंतर एके सकाळी दिवे लागल्यावर अ‍ॅक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या वरच्या फांद्यांवर दृष्टी गेली, तो टोकांची जांभळी त्वचा नखाएवढी खाली सरकलेली आणि तिच्या जागी चुनखडीसारखा कोरा सांगाडा उघडा पडलेला. अशा जागी प्रवाळाचे मांस परत चढण्याआधी शेवाळाचा तपकिरी पापुद्रा बसतो आणि मग ती फांदी तेवढी गेलीच म्हणून समजावे. एका परिचिताकडे तेच पाणी दुसऱ्या पेटीने मोजून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: दोन्ही आकड्यांत सरळ तीन अंशांचे अंतर होते. मला विकलेल्या पेटीतील द्रवाची मुदत उलटून गेली होती, आणि मुदतीची चिठ्ठी दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठीखाली झाकली गेली होती. नऊवर सुखाने नांदणाऱ्या प्रवाळास मी अकरावर नेऊन ठेवले होते, आणि पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्य असल्यामुळे, म्हणजे खावयास फारसे काही नसताना वाढीचा तगादा तेवढा लागल्यामुळे, टोके जळाली. पोषण तुटपुंजे असता क्षारता चढवू नये, हे येथील जुनी मंडळी फार पूर्वीपासून सांगत आली आहेत.

यावर उपाय काय केला, तर काहीच नाही. आणि तोच बरोबर होता. अम्ल घालून क्षारता खाली ओढण्याचा मोह अनेकांस होतो, परंतु चढताना जो धक्का बसला तोच उतरतानाही बसतो. भर घालणे थांबविले, प्रवाळांनी आपल्या वाढीत ती शिल्लक खर्चून टाकली, आणि जळलेली टोके कातरून फेकली. बाकीची फांदी जगली.

म्हणून नवशिक्यास माझे पहिले सांगणे असे की, टाकी मोजण्यापूर्वी मापच मोजून घ्यावे. याला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा 3 ग्रॅम तोलून एक लिटर निःक्षार पाण्यात विरघळवावा, त्यातील शंभर मिलिलिटर घेऊन पुन्हा निःक्षार पाणी घालून एक लिटर करावे. या दुसऱ्या पाण्याची क्षारता बरोबर 10 अंश असते. नव्या पेटीने या पाण्याची परीक्षा करावी, आणि नऊ-दहा-अकराच्या बाहेर काही दिसले तर ती पेटी परत करावी, मग दुकानदार कितीही सज्जन असो. थेंबाच्या पेटीत पाच मिलिलिटरऐवजी दहा मिलिलिटर पाणी घेतले म्हणजे एका थेंबाचा अर्थ अर्धा अंश होतो आणि माप दुप्पट बारकाईचे मिळते, हीही युक्ती ध्यानात ठेवावी.

माप खरे ठरल्यावर मगच मात्रेचा विचार. काही दिवस टाकीत काहीही न घालता रोज एकाच वेळी क्षारता मोजावी. रोज जेवढी उतरते तेवढाच त्या टाकीचा खर्च, आणि तेवढीच तिची मात्रा. माझ्या अडीचशे लिटरला एक अंश भरून काढण्यास साडेसात ग्रॅम सोडा पुरतो, आणि त्याच्या जोडीचे कॅल्शियम देण्यास साडेसहा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइडचे स्फटिक. हे दोन पदार्थ निरनिराळ्या पाण्यात विरघळवून निरनिराळ्या वेळी, वाहत्या पाण्याच्या ठिकाणी सोडावे. दोन्ही एकाच जागी एकदम ओतल्यास पाण्यात पांढरा धुरळा उठतो, आणि जे प्रवाळाच्या हाडी लागावयाचे ते पंपाच्या पात्यांवर आणि हीटरच्या काचेवर जाऊन बसते. सर्व काही बेताने घालूनही दोन्ही खाती भरत नाहीत असे दिसले, तर मॅग्नेशियम पाहावे. ते पाण्यातील चुन्याचे स्फटिक आपोआप वाढू देत नाही, आणि ते कमी पडले म्हणजे घातलेली भर टिकत नाही. जर्मनीत ही निरनिराळ्या द्रावणांची पद्धत हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाने ओळखली जाते. विकतच्या रंगीत बाटल्यांत बहुधा याच वस्तू असतात, दर मात्र निराळा.

त्याहून जुनी पद्धत पीटर विल्केन्स यांनी लोकप्रिय केलेली, चुन्याच्या निवळीची. भाजल्यावर खोबरेल तेलात फेटून लावावयाची जी निवळी आमच्या घरी आजी करून ठेवीत असे, तीच ही. म्युनिकच्या दुकानात तिला जर्मन नावाने मोल देऊन विकत घेताना थोडे हसू येते खरे. निवळीत कॅल्शियम आणि क्षारता योग्य त्या प्रमाणात जोडीनेच येतात, त्यामुळे एक खाते फुगले व दुसरे खचले असा प्रकार सहसा होत नाही. संपृक्त निवळी एक लिटर घातली तर अडीचशे लिटरच्या टाकीची क्षारता अर्ध्या अंशाहून किंचित कमी वाढते. तेव्हा बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी ती घालीत गेल्यास लहान टाकीचा बराचसा खर्च भागतो. मात्र तिचा पी-एच बाराच्या वर असतो. वरचे नितळ पाणीच घ्यावे, तळाचा गाळ ढवळू नये, आणि रात्रीच्या वेळी, जेव्हा टाकीचा पी-एच आपोआप उतरलेला असतो, थेंबाथेंबाने सोडावे.

राहता राहिली सूक्ष्म मूलद्रव्ये, आणि खरा धोका येथेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात आयोडीन अवघे 0.06 मिलिग्रॅम असते, म्हणजे माझ्या टाकीत त्याचा एकूण साठा असावयाचा 15 मिलिग्रॅम. पाच टक्क्यांच्या ल्यूगॉल द्रावणाचा एकेक थेंब सहा मिलिग्रॅमहून अधिक आयोडीन वाहून आणतो. अडीच थेंबांत सबंध समुद्राची तरतूद! ज्या द्रव्याचे मोजमाप घरच्या पेटीने विश्वासार्हपणे होत नाही आणि ज्याच्या पुरवणीची मात्रा थेंबांत फिरते, ते बाटलीवरील हुकुमावरून आठवड्यामागून आठवडे ओतीत राहणे म्हणजे बंद डोळ्यांनी खजिन्यात पैसे टाकीत राहणे नव्हे, तर कर्ज काढीत राहणे आहे. तांब्याची गोष्ट तर याहून कडक. माशांच्या औषधातून ते अल्प प्रमाणात आले तरी अपृष्ठवंशी प्राणी त्यास सोसत नाहीत. येथे प्लाझ्मा पद्धतीने पाण्यातील मूलद्रव्ये मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, नळीत पाणी भरून टपालाने पाठविले की तपशीलवार अहवाल येतो. परंतु एका अहवालातील एका कमी आकड्यावरून लगेच बाटली आणू नये, दुसरा अहवाल पहिल्याशी जुळतो का ते पाहावे. बहुतेक घरगुती टाक्यांना यांपैकी कशाचीच गरज नसते. चांगल्या मिठात ही मूलद्रव्ये आधीच असतात, आणि पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले की जे खर्च झाले त्यातील बरेचसे परत येते, आणि साचलेले फाजील काही प्रमाणात बाहेर जाते. पाणीबदलाचे हे दुसरे पुण्य कोणतीही बाटली देऊ शकत नाही.

मात्रा देणारा स्वयंचलित पंप घेतलाच, तर मोजपात्रात धार धरून तो अधूनमधून तपासावा, कारण त्याची नळी झिजते. आणि नळीचे तोंड पाण्याबाहेर, बाटलीतील द्रवाच्या पातळीहून वर ठेवावे, नाहीतर पंप बंद असतानाही वक्रनलिकेप्रमाणे ती सबंध बाटली टाकीत उतरवून टाकू शकते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. मालवणच्या खडकांवर वा विजयदुर्गाच्या पश्चिमेस समुद्रात दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर जे दगडी प्रवाळ आहेत, त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये 2001 सालापासून संरक्षण आहे. त्यांचा तुकडा उचलणे, विकणे वा घरी ठेवणे हा गुन्हा होय, मग तो कोणी कितीही स्वस्तात देवो. तेव्हा मुंबई-पुण्याच्या घरात जो समुद्री मासे पाळतो, त्याच्या टाकीत चुन्याचा मोठा खर्च करणारा असा कोणी राहत नाही. त्याला कॅल्शियमची बाटली नको, स्ट्रॉन्शियमची नको, आयोडीनची तर मुळीच नको. चांगले मीठ, निःक्षार पाणी आणि नियमित पाणीबदल एवढ्यावर ती टाकी उत्तम चालते.