डब्यातील शाकाहारी बदक

प्रस्तावना

चिनी किराणा मालाच्या दुकानांत पत्र्याचा एक लहानसा डबा विकत मिळतो. तो उघडला, की तेलकट रसात बुडालेले तपकिरी तुकडे दिसतात. पिसे काढलेल्या कातडीवर असतात तसे बारीक उंचवटे त्यांवर असतात. इंग्रजीत या पदार्थाला ‘मॉक डक’, म्हणजे नकली बदक, असे म्हणतात. डब्यावरील घटकांची यादी मात्र अगदी साधी असते : गव्हाचे ग्लुटेन, पाणी, सोयाबीनचे तेल, सोया सॉस, साखर आणि मीठ. हे ‘बदक’ गव्हाच्या शेतातून आलेले असते. ते कसे तयार होते आणि शाकाहारी कुटुंबाच्या स्वयंपाकात त्याला किती स्थान द्यावे, याचा विचार या पाठात केला आहे.

पाठ

कुरडया घालणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकांना या पदार्थाचे अर्धे रहस्य आधीच ठाऊक आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग ते वाटून पाण्यात कालवतात आणि गाळून घेतात. भांड्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो. तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडल्या जातात. गाळणीवर चोथा उरतो. काही घरांतून त्याच्या भुसवड्या घालतात; एरवी तो गुरांपुढे जातो. चीक म्हणजे गव्हातील पिष्ट. गव्हातील चिवट प्रथिनांचा बराच भाग मात्र चोथ्याबरोबर मागे राहतो. ग्लुटेन ते हेच.

चिनी स्वयंपाकघराने नेमकी उलट वाट धरली. पिठाचा घट्ट गोळा मळून तो पाण्यात चोळत राहिले, की पिष्ट दुधासारख्या पाण्याबरोबर निघून जाते आणि हातात रबरासारखा लवचीक गोळा उरतो. त्याला चिनी भाषेत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘पिठाचा स्नायू’ असा होतो. अकराव्या शतकातील शेन ख्वो या चिनी विद्वानाने पोलादाचे स्वरूप समजावून सांगताना याच गोळ्याचा दाखला दिला आहे. पिठात जसे ग्लुटेन दडलेले असते, तसे लोखंडात पोलाद असते, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. ज्या अर्थी अवघड गोष्ट समजावण्यासाठी त्याने हा दाखला निवडला, त्या अर्थी पीठ धुण्याची कृती त्या काळी वाचकांच्या चांगल्या परिचयाची असली पाहिजे. युरोपात हा पदार्थ पिठापासून वेगळा करून त्याचा अभ्यास मांडला तो इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी याने, १७२८ मध्ये. म्हणजे सुमारे साडेसहाशे वर्षांनंतर.

चीनमधील बौद्ध मठांत मांस वर्ज्य असे. तेथील आचाऱ्यांनी ग्लुटेन आणि सोयाबीनचे पनीर, म्हणजे टोफू, यांना नाना रूपे दिली. ज्याला मांस खायचे नाही, त्याने मांसाचे सोंग तरी का आणावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु ज्याला मांसाहाराची सवय आहे, त्यालाही पंगतीत काही उणे वाटू नये, हा या रूपांमागील एक उपयोग होता. बंगालमध्ये कच्च्या फणसाला ‘झाडावरचा बोकड’ म्हणतात, त्यातही थोडासा असाच खोडकर भाव आहे. डब्यातील तुकड्यांवरचे उंचवटे हा निव्वळ दिखावा आहे. रश्शाला त्यांचे काही देणेघेणे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकेत या पदार्थाला वेगळ्या मार्गाने प्रवेश मिळाला. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे आरोग्यधाम होते. त्याची स्थापना शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने केली होती. रुग्णांना मांसाऐवजी काय द्यावे, या गरजेतून केलॉग यांनी शेंगदाणे आणि ग्लुटेन यांचा ‘प्रोटोज’ हा पदार्थ सिद्ध केला व १९०१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे याच पंथाच्या अनुयायांनी असे पदार्थ डब्यांत भरून दूरवर पोहोचवले.

आता डब्याविषयी. अन्न हवाबंद करून तापवल्यास ते टिकते, हे फ्रान्सच्या निकोला आपेर याने १८१० मध्ये पुस्तक लिहून जगासमोर मांडले. त्याने काचेच्या बाटल्या वापरल्या. पत्र्याचे डबे लवकरच आले. आपण कुरडया आणि सांडगे वैशाखाच्या उन्हात वाळवून टिकवतो, कारण पाणी नसेल तेथे जंतू वाढत नाहीत. डब्यातील ग्लुटेन मात्र ओलेच असते आणि त्याला आंबटपणाही नसतो. अशा ओल्या, हवा नसलेल्या जागी ‘बॉटुलिनम’ नावाचा जंतू वाढून जीवघेणे विष निर्माण करू शकतो. त्याची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. म्हणून कारखान्यात भरलेले व बंद केलेले डबे दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत ठरावीक वेळ तापवतात. हे काम घरी उरकता येईल असे समजू नये. डब्यातील पदार्थ घरी करता येतो. डबा मात्र कारखान्यातच व्हावा.

पदार्थ करणे अगदी सोपे आहे. एक किलो मैदा पाण्यात घट्ट मळून गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवावा. मग तो पाण्यात चोळावा आणि पांढरे झालेले पाणी बदलत जावे. पाणी जवळजवळ नितळ दिसू लागले, की थांबावे. पाव किलोच्या आसपास ओला गोळा हाती येतो. कणकेत कोंडा असल्यामुळे गोळा नीट जुळून येत नाही, मैदाच बरा. गोळा पाऊण तास वाफवून, गार करून कापावा आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवावा. ग्लुटेनला स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून वाटण झणझणीत असावे. धुतलेले पाणी फेकू नये. ते तासन्‌तास स्थिर ठेवले, की तळाशी आपला ओळखीचा चीक बसतो!

विकतचा डबा आणल्यास त्यातील रस फार खारट असतो, हे ध्यानात ठेवावे. तुकडे निथळून, धुऊन मगच रश्शात घालावेत. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये, कारण विषाला वास असतोच असे नाही. उघडलेल्या डब्यातील उरलेला भाग काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात काढून थंड जागी ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

राहिला पोषणाचा प्रश्न. वाळलेल्या ग्लुटेनमध्ये तीन चतुर्थांश भाग प्रथिनांचा असतो, आणि हा आकडा मोठा वाटतो. परंतु शरीराला आवश्यक असलेले लायसिन हे द्रव्य त्यात फार थोडे असते. डाळी आणि सोयाबीन यांत ते भरपूर असते. त्यामुळे वरणाऐवजी ग्लुटेन हा सौदा तोट्याचा ठरतो. वरणाबरोबर ग्लुटेन चालेल. ज्यांना सीलिॲक हा विकार आहे, म्हणजे ज्यांच्या आतड्यांना ग्लुटेनमुळे इजा होते, त्यांनी हा पदार्थ पूर्णपणे टाळावा. रोजच्या जेवणासाठी सोयाबीनच्या वाळलेल्या वड्या स्वस्त पडतात, डब्याविना टिकतात आणि त्यांत लायसिनही असते. नकली बदक सणासुदीला, पाहुण्यांसाठी, हौसेने करावे.

शब्दार्थ

पिष्ट – धान्यातील पांढरा, पिठूळ भाग, स्टार्च. चोथा – रस किंवा चीक काढल्यावर उरलेला भाग. वर्ज्य – निषिद्ध. निथळणे – पाणी गळून जाऊ देणे.

स्वाध्याय

१. कुरडया करताना व ग्लुटेन काढताना गव्हाचा कोणता भाग ठेवला जातो आणि कोणता वेगळा होतो?
२. ‘डब्यातील पदार्थ घरी करता येतो, डबा मात्र कारखान्यातच व्हावा,’ या विधानामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या प्रांतात शाकाहारी पदार्थाला मांसाचे नाव दिलेले आढळते का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळी लिहा.